शुद्धिपत्र

पान एकेचाळीस, ओळ तिसरी.
मूळ नोंद होती: 'मानस मोडली.'
मुद्रितशोधकाने आधी लिंग सुधारलं,
मग भाषा:
'मनोबल खचले.'
तसंच छापून आलं, अडीचशे प्रतींत
मेरशीच्या खाजनाचं मनोबल.

मी मंडळाचा सहचिटणीस. सही माझी आहे,
म्हणून हे चतकोर कागद मीच कापतोय,
प्रत्येक प्रतीत एक, डिंकाने.
मळ्यातली खोली, खाली शिंपी, वर आम्ही:
प्रादेशिक व नागरी अभ्यास मंडळ,
नऊ सभासद, दोन कपाटं, एक पंखा
जो नकाशे उडवतो म्हणून बंदच असतो.

वाचकांनी कृपया असं वाचावं:
ती मानस. ते मानस नव्हे.
बांधाच्या तोंडाशी लाकडी दार,
भरती चढली की खाडीच ते ओढून घेते
आणि ओहोटीला आतलं पाणी
खांद्याने ढकलून बाहेर पडतं.
दार ऐनाचं. इकडे माटी म्हणतात.
फ्लावियाने टेप लावून मोजलं,
इनास म्हणाला, मोजा, पण पाय जपून,
खालची फळी गेल्या चवथीपासून नाही.

का नाही, तेही अहवालात आहे, परिशिष्ट तीन,
जे कोणी वाचत नाही:
मासळीची पावणी ज्याने घेतली
तो रात्री दार उघडं टाकतो.
खारं पाणी आत, मासळी आत,
सकाळी जाळं भरलेलं
आणि भाताच्या मुळांशी पांढरी साय.

पान एकोणीस, नकाशा.
वसाहतीचा पिवळा रंग छपाईत सरकलाय
अर्धा सेंटिमीटर.
प्रमाणाने जमिनीवर पन्नास मीटर.
पाच जणांची शेतं त्यात आली.
चौघांनी रागाने फोन केला.
पाचव्याने हळू आवाजात विचारलं,
बाब, ही चूक तशीच ठेवता येईल?

पान बावन्न, तक्ता.
कुस्तोदिया रिबेलो, कुटुंबातले सदस्य: एक.
तिने चार सांगितले होते.
तिघं स्विंडनला, सहा वर्षं झाली,
आमच्या व्याख्येत ती माणसं बसत नाहीत.
ती म्हणाली, बसत नाहीत तर उभी राहू देत.
मी एकच लिहिलं.
बेरीज जुळायला हवी होती.
ही चूक आहे की नाही
यावर कार्यकारिणीत एकमत झालं नाही.
प्रा. घाणेकरबाई म्हणाल्या, तळटीप द्या.
तळटीप देत आहोत.

वार्षिक सभेला सतरा जण आले.
नगरनियोजनचे साहेब पहिल्या रांगेत,
मानशीच्या छायाचित्रापाशी त्यांनी विचारलं,
हे बांधकाम अधिकृत आहे का?
कोणीतरी खोकलं. चहा आला.

एक प्रत मी इनासला नेऊन दिली.
त्याला देवनागरी येत नाही, रोमीत वाचतो.
नातवाने वाचून दाखवलं, बांधावर बसून,
अडखळत, पान एकेचाळीस.
इनास ऐकत राहिला. मग म्हणाला,
मनोबल? हे कसलं लाकूड?
खाऱ्यात टिकतं?

मी उत्तर दिलं नाही.
पायाखाली पाणी आत येत होतं
ज्या बाजूने यायला नको त्या बाजूने,
आणि पलीकडे नव्या इमारतीच्या
तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी
गाद्या उन्हात घालत होतं.

शेवटची दुरुस्ती, जमाखर्च.
लेखनसामग्री या शीर्षाखाली
चार हजार दोनशे दाखवलेत.
त्यात डिंक आहे, कात्री आहे,
हे कागद आहेत,
आणि ऐनाच्या दोन फळ्या, रंधा मारून,
अमावस्येच्या आत बसवायच्या.
लेखापरीक्षकांनी विचारलं तर
मी सांगणार आहे, चूक झाली.