दोन किंवा अधिक प्रसंगी

स्टोर्नोवेच्या कोर्टातून निघालं की उत्तरेला चौदा मैल
नुसतं दलदलीचं रान, आणि वारा.
शेजारच्या सीटवर कागद, उडू नये म्हणून त्यावर थर्मास.
बजावणी हे माझं काम. सव्वीस वर्षं
लोकांच्या दारात उभी राहून
मी त्यांना त्यांच्याबद्दल वाचून दाखवते.

टॉर्किल मॅकॉले, वय एकाहत्तर,
दार उघडतो तेव्हा हाताला माती.
चष्मा सापडत नाही म्हणतो. खरं तर
इंग्रजी कागदाची त्याला शाळेपासून धास्ती.
तूच वाच.
मी गेलिकमधून सांगत जाते.

'आचरण' या शब्दात बोलण्याचा समावेश होईल.
मी तर काहीच बोललो नाही, तो म्हणतो.
न बोलता उभे राहण्याचाही समावेश होईल.
पाहणे. मागे जाणे. वस्तू ठेवणे.
वस्तू ठेवणे म्हणजे? पीट?

पीटच. रानातून कापून, वाळवून
पेगी ॲनच्या पायरीवर
दर शनिवारी अंधार पडल्यावर रचलेल्या विटा,
कारण रविवारी इथे कुणी जळण उचलत नाही,
आणि तिचा नवरा गेला त्या हिवाळ्यात
तिच्या धुराड्यातून आठवडाभर धूर दिसला नव्हता.

एकदा, तर शेजारधर्म.
कागदाचीही त्याला हरकत नाही.
दोन किंवा अधिक प्रसंगी, असं तो म्हणतो.
मग ते एकावर एक बसतात, विटांसारखे.

पेगी ॲनकडे मी आधीच जाऊन आले होते.
तिने त्यातली एकही वीट जाळली नव्हती.
गोठ्यामागे, ताडपत्रीखाली, आठवड्यावार लावलेल्या.
दाराला आतून तीन कड्या, तिसरी नवी.
'नको म्हटलं मी त्याला. दोनदा.
पावलं वाजली की मी दिवा घालवते.'
कागदात यासाठी शब्द आहे: भय किंवा क्लेश.
बरा शब्द आहे. निदान तिच्या जुन्या कड्यांहून पक्का.

'समंजस माणसाच्या ध्यानात आले असते की.'
टॉर्किल तिथे अडला.
कोण हा माणूस? कुठल्या गावचा?
इतकी वर्षं मी त्याच्या नावाने हिंडते आहे,
त्याचं दार मला अजून सापडलेलं नाही.
म्हटलं, ज्याला सांगावं लागत नाही, तो.
बराच वेळ तो नखातली माती काढत राहिला.
मग म्हणाला, मला तर दोनदा सांगितलं होतं तिने.

सही केली. शंभर मीटर म्हणजे किती, ते विचारलं.
मी बोट दाखवलं: त्या मेंढ्यांच्या कुंपणापर्यंत.
तो तिकडे पाहत राहिला. पाहण्याचाही समावेश होतो,
हे मी पुन्हा सांगितलं नाही.

परतताना पोस्टापाशी गाडी थांबवली.
मागच्या सीटवर पुडकं. लोकरीचे मोजे, इन्व्हरनेसला,
रुअरीसाठी. आई, पाठवू नकोस, म्हणाला होता.
मार्चमध्ये. मग जूनमध्ये.
पत्ता लिहून झालेला, तिकीट चिकटवलेलं,
पोस्टाची खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं.

'वस्तू ठेवणे' यात
'वस्तू पाठवणे' येतं का,
कोर्टाची प्रत काढून मी बघायला लागले.
पाठ असलेलं पान
इतक्या सावकाश कधी उलटलं नव्हतं.