पाच लाख दहा हजार पाचशे दहा

शेवटची फेरी, बेलापूरकडे. मागे तीन प्रवासी,
त्यातला एक झोपलेला.
सानपाडा मागे पडलं तेव्हा भोपींच्या मीटरवर
पाच लाख दहा हजार पाचशे नऊ.
मी म्हटलं, भोपी, पुढचा किलोमीटर जरा सावकाश घ्या.

का, पोलीस?
नाही. आकडा.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी सुटलेलं गणित
कंडक्टरच्या पिशवीत असंच पडून असतं,
सुट्ट्या पैशांखाली.

शेवटचा नऊ मान वळवून गेला, शून्य आलं,
त्याचा धक्का लागून शेजारच्या शून्याचा एक झाला.
पाच एक शून्य, पाच एक शून्य:
बहिऱ्याला दोनदा सांगावा तसा पत्ता.
आता हा आकडा एक किलोमीटर लांब.
डावीकडे टॉवर, उजवीकडे खारफुटीचा काळोख.

तिकिटाच्या कोऱ्या रोलवर मांडलेलं वाचून दाखवलं.
दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा,
पहिल्या सात मूळ संख्या, प्रत्येक एकदाच,
गुणत गेलं की इथे येऊन थांबतात.

मूळ म्हणजे?
ज्यांची वाटणी होत नाही.

वाटणी या शब्दावर भोपींनी गिअर बदलला.

मी आपला पुढे: सातशे चौदा गुणिले सातशे पंधरा,
लागून असलेले दोन प्लॉट, तरी हाच.
आणि तेरा, एकवीस मिळून चौतीस,
एकवीस, चौतीस मिळून पंचावन्न,
या चार भावांचा गुणाकार केला, तरी पुन्हा हाच!

चौघांनी मिळून केलेला, भोपी म्हणाले.
मग चौघांत जातो?

मी रोल उजेडाकडे धरला. गरज नव्हती.
नाही जात. दोन उरतात.

नेरूळचे दिवे आले. कुणी बेल मारली नाही.
इथेच कुठेतरी त्यांचं मीठ पिकायचं.
मग साडेबारा टक्के, एक प्लॉट, चार सह्या,
आणि कोर्टातली अकरा वर्षं.

आमचा पन तसाच, ते म्हणाले.
चौघांच्यान दोगंच उरलो.

तेवढ्यात मीटर फिरलं.
पाचशे अकरा. याला त्या सातांपैकी कुणीही भागा,
दर वेळी एक उरतो.
याच्या घरात एकोणीस, सत्त्याण्णव, दोनशे सत्त्याहत्तर;
ओळखीचं कुणी नाही.
मी हे सांगितलं नाही.

बेलापूरला उतरताना झोपलेल्याने विचारलं, वाशी गेली का?
गेली, म्हटलं.

डेपोत भोपींनी रीडिंग लिहिलं. पुढच्या महिन्यात गाडी भंगारात.
मग हात पुढे केला, रोलचा तो तुकडा मागितला,
दोनदा घडी घालून वरच्या खिशात ठेवला.

धाकट्याला दावीन, म्हणाले.
बोलत नाय तो.
पन वाचील.