बर्फ वजा करून

एकतीस वर्षं मी ब्रेमरहाफनच्या मासळी गोदीत
तराजूपाशी उभी होते.
पेटीत मासा किती आणि बर्फ किती
हे झाकण उघडायच्या आधी
उचलतानाच कळायचं.
म्हणून टोमके म्हणाली, घ्या बाईसाहेब, तुम्हीच बघा.
टोमके माझी धाकटी बहीण. बासष्टची. अजून उतावळी.

पडद्यावर एक पांढरंशुभ्र जहाज.
नॉर्वे, सात रात्री, माणशी चारशे नव्व्याण्णव युरो,
आणि कोपऱ्यात उलटं पळणारं लाल घड्याळ:
शेवटच्या दोन केबिन, अकरा मिनिटं.
आमची आई फ्रिसियाची.
तिच्या घरात तीन कप चहा झाल्याशिवाय
पाहुणासुद्धा उठत नसे.
मी चहा ओतला. कपातली खडीसाखर तडकली.
घड्याळ शून्यावर आलं,
जरासं अडखळलं,
आणि पुन्हा पंधरा मिनिटांपासून पळू लागलं.
टोमके म्हणाली, बघ, आपलं नशीब!
मी म्हटलं, बर्फ.

फोनवर लोण्यासारखा माणूस.
माझं नाव त्याने चारदा घेतलं.
कार्ड कशाला, कार्डाला उगाच वेळ लागतो,
थेट खात्यात टाका, आजच्या आज,
आणखी पन्नास कमी करतो, खास तुमच्यासाठी.
खातं भलत्याच देशातलं, भलत्याच नावाचं.
मी विचारलं, तुम्ही बुडालात तर
माझे पैसे परत मिळतील असा दाखला?
तो म्हणाला, आमची जहाजं बुडत नाहीत, बाई.

पत्ता ब्रेमेनचा होता.
दुसऱ्या दिवशी टोमकेला गाडीत बसवलं
आणि पत्ता बघायला गेलो.
त्या नंबरच्या दाराआड टायरचं दुकान,
आणि सेर्हात नावाचा पोरगा, कोपरापर्यंत काळा.
तो हसला नाही.
म्हणाला, या महिन्यातल्या तुम्ही चौथ्या.
कालचे आजोबा तर बॅग घेऊनच आले होते.
बसा म्हणाला. खुर्ची एकच होती,
मी खुर्चीवर, टोमके टायरांच्या चळतीवर.
परतीच्या गाडीत ती गप्पच होती.
टोमके, आणि गप्प.

शेवटी केबिन घेतली, तीही ऑनलाइनच,
पण ज्यांच्या पानाच्या तळाशी
मालकाचं नाव होतं, नोंदणीचा क्रमांक होता,
आणि फोनवरच्या बाईला सर्दी झाली होती.
जेवून घेते, अर्ध्या तासाने करते, म्हणाली.
आणि केला.
आधी दाखला आला. मग मी बयाणा भरला. कार्डाने.
बंदराचे कर, बक्षिसी, विमा धरून
माणशी आठशे बत्तीस.
मासा एवढ्याचाच असतो.
चारशे नव्व्याण्णवला मिळत होता तो सगळा बर्फ.

तरी रात्री डोळा लागेना.
सकाळी जहाज कंपनीलाच फोन लावला,
बुकिंग नंबर वाचला, एकेक आकडा,
पेटीवरचा शिक्का वाचावा तसा.
पलीकडे कळा दाबल्याचा आवाज. बराच वेळ.
मग: हार्म्स, विब्के. आयलर्स, टोमके.
तिसरा मजला, आतली केबिन, खिडकी नाही.
टोमके म्हणाली, खिडकी नाही तर
डोंगर आले हे कळणार कसं?
मी म्हटलं, जिना आहे की.

सगळं नीट झालंय.
दाखला फ्रीजवर चुंबकाखाली आहे, येताजाता दिसतो.
पण ते बॅगवाले आजोबा डोक्यातून जात नाहीत.
सदरे घडी करून भरले असतील,
औषधं वारांप्रमाणे लावली असतील,
कुंड्यांना पाणी घालायला
शेजारणीकडे किल्ली दिली असेल.
संध्याकाळी तिचं दार वाजवून
ती किल्ली परत मागितली असेल,
काय सांगून?