बिननावाची

कुळाचं नाव लिहून घ्या, असं वरून फर्मान आलं
त्या वर्षी आमच्या कचेरीबाहेर घोडे ताटकळले.
सत्तर वर्षांपूर्वी पुसायला लावलेली नावं
सरकारला आता परत हवी होती,
आणि कुणालाच धड आठवत नव्हती.
मग जो तो बोर्जिगिन.
मेंढपाळ बोर्जिगिन, ट्रकवाला बोर्जिगिन,
शाळेतला घंटा वाजवणारा तोही.
दुपारपर्यंत मी अख्खा तालुका
खानांच्या वंशात बसवला
आणि शिक्क्याची शाई संपली.

तेव्हा ती आली. बुटांवर गोबीची वाळू,
हातात दुधाची किटली, माझ्यासाठी.
कचेरीत मोकळ्या हातानं जाऊ नये, अशी तिची समजूत.

नाव?
नेरगुई.
म्हणजे बिननावाची.
मी लिहिलं. हसले नाही, आमच्यात असतात अशी.
एनेबिश म्हणजे हा नव्हे,
हुनबिश म्हणजे माणूसच नव्हे.
माझ्या आजोबांचा भाऊ मूनोखोई, म्हणजे वाईट कुत्रा,
त्याच्याइतका मऊ माणूस मी पाहिला नाही.
ज्या घरात पोरं टिकत नाहीत
तिथं नाव ठेवायचं ते नावं ठेवल्यासारखं,
म्हणजे रात्री तंबूच्या धुराड्यातून जे डोकावतं
ते वाकून बघेल, पाळण्यात कोण, म्हणून विचारेल,
आणि आईला खोटं न बोलता सांगता येईल:
कुणी नाही.

"माझ्याआधी तिघं," ती खुर्चीवर न बसताच म्हणाली.
"पहिली नारानत्सेत्सेग, सूर्यफूल. थंडीत गेली.
मग म्योंखबात. चिरंतन, अढळ.
अकरा महिने.
तिसऱ्याचं लामानं पोथी उघडून काढलं होतं, लांबलचक,
पोरगंच त्या नावाला पुरलं नाही.
मग मी.
ते अजून शोधतंय मला, एक्क्याऐंशी वर्षं,
आणि मी त्याच्या नाकासमोर शेळ्या चारतेय."

कुळ?
माहीत नाही.
बोर्जिगिन लिहू, आजी? सगळे लिहितायत.
"नको गं. एवढं मोठं पांघरूण घेऊन
मला झोप नाही लागायची."

मागे रांग कुरकुरत होती.
ती किटलीचं झाकण उघडत होती, लावत होती.

"आईनं एक नाव मनात धरलं होतं माझ्यासाठी.
खरं नाव. कधी ओठांवर येऊ दिलं नाही.
मी पन्नाशीची झाले, मला नातवंडं झाली, तेव्हा म्हटलं,
आता तरी सांग, आता कोण कशाला उचलतंय मला.
आईनं तोंड उघडलं
आणि चुलीवर दूध उतू गेलं.
ती उठली, फडकं शोधलं, निम्मं दूध वाचवलं,
परत येऊन बसली
आणि लोकरीच्या भावाबद्दल बोलायला लागली."

मग?

"मग काय. भाव त्या वर्षी पडलेलाच होता.
मी परत विचारलं नाही. तिनंही काढलं नाही.
वसंतात ती गेली."

कुळाच्या रकान्यात मी लिहिलं: ठाऊक नाही.
महिन्याभरानं वरून लाल पेन्सिलीचा शेरा आला,
खुलासा करा.
तो कागद अजून माझ्या खणात आहे.

त्या दिवशी, जाता जाता,
ती वळली. मला सातवा महिना होता.
नवऱ्यानं टीव्हीवरून नावांची यादी केली होती,
एकापेक्षा एक चमकदार, मी ती टेबलाच्या काचेखाली ठेवली होती.
म्हातारीनं यादी वाचली. वाचता येत होतं तिला.
मग शेगडीपाशी जाऊन बोटावर काजळी घेतली,
माझ्या कोटावर, पोटाच्या ऐन उंचवट्यावर
तीट लावली,
आणि खिडकीकडे तोंड करून
रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,
"काही नाहीये इथं.
पोरगी नुसता चहा ढोसते, त्यानं फुगलंय."