बारावी खिडकी

कागदावर आमच्या कार्यालयाला बारा खिडक्या आहेत.
मोजल्या तर अकरा.

सिव्हिल लाइन्समधली जुनी इमारत,
नकाशा मध्य प्रांताच्या काळचा, घडीवर फाटलेला,
त्यात उत्तरेच्या भिंतीत एक चौकोन.
त्या जागी आता कपाट आहे,
कपाटामागे चुना, चुन्यामागे विटा.
कोणी बुजवली, कधी, कोणाच्या आदेशाने,
ती नस्ती आढळून येत नाही.
आमच्याकडे काहीच हरवत नाही.
फक्त आढळून येत नाही.

नोकरीला लागले त्या वर्षी
कूलरसाठी वाळ्याच्या ताट्यांची मागणी लिहायला मला सांगितलं
आणि मी, शहाणी, मोजून अकरा लिहिल्या.
नस्ती परत आली:
"नकाशाशी मेळ बसत नाही. खुलासा व्हावा."
खुलासा दिला. तो बांधकामकडे गेला.
बांधकामने नकाशाची प्रत मागितली.
नकाशा कपाटात,
कपाट खिडकीपुढे,
किल्ली रजेवर.

त्या मे महिन्यात अधीक्षक टिपरे साहेब
डोक्यावर ओला पंचा घेऊन सह्या करत होते.
प्रत्येक सहीखाली एक थेंब.

माझी नस्ती तोवर मुंबईला पोचली होती.
डिसेंबरात अधिवेशनाच्या ट्रकमध्ये बसून नागपूरला आली,
आमच्या फाटकावरून गेली म्हणतात,
पंधरवडाभर थंडी खाल्ली, संत्री खाल्ली असतील,
आणि ट्रकमधूनच परत.

पुढच्या वर्षी मी बारा लिहिल्या.
आठ दिवसांत मंजूर.

तेव्हापासून मी बारा खिडक्यांच्या खोलीत बसते.
हळूहळू सगळेच बसायला लागलो.
उत्तरेकडून कोणी आलं की मान वळायची,
वारा आल्यासारखी.
माणूस बसतो खुर्चीवर, पण
खुर्चीच त्याला बसवत जाते,
मान अशी, आवाज एवढा, घाई नाही.
घरी मुलगी म्हणायची,
आई, तू भाजीलाही "पाहते" म्हणतेस,
"हो" का नाही म्हणत?

हसा. मीही हसते.
पण माझा बाप उमरेडकडचा.
मालगुजाराच्या ओसरीखाली उभा राहायचा
दुपार कलेस्तोवर, चपला हातात,
आणि मालगुजाराच्या मनात येईल तो निकाल.
तिथे नियम नव्हता. मन होतं.
त्याच बापाला म्हातारपणी मी
आमच्या खिडकीवर टोकन घेताना पाहिलं.
सत्तेचाळीस.
त्याच्या मागे मालगुजाराचा नातू. अठ्ठेचाळीस.
बाप काही बोलला नाही.
टोकन त्याने परत दिलं नाही, इतकंच.
त्याच्या ट्रंकेत सापडलं मला, पितळेचं,
सरकारी मालमत्ता.

तर खिडकी.
बारा ताट्या येतात, अकरा लागतात.
बारावीचं काय होतं, मी कधी विचारलं नाही,
कारण विचारलं तर लिहावं लागतं.
डोमाजी उईके, शिपाई, मागल्या व्हरांड्यात
पेन्शनवाल्यांच्या बाकामागे ती बांधतो,
बादलीने पाणी मारत राहतो दुपारभर.
म्हाताऱ्या येतात हयातीचे दाखले घेऊन,
जिवंत असल्याचा पुरावा पदराला बांधून,
आणि टेकतात त्या ओल्या वासाला पाठ.
"बाई, इथं बरं वाटून राहिलं जी."
नोंदवहीत त्या ताटीपुढे शेरा आहे:
बसविली.
खोटा नाही म्हणता येणार.

आज माझा कार्यभार घेतोय निनावे,
पंचविशीचा, संगणकावर बोटं पावसासारखी.
त्याने खोलीभर फिरून मोजलं
आणि थांबला.
"मॅडम, अकराच आहेत. दुरुस्त करून टाकू?
एक क्लिक."

बाहेर डोमाजीच्या बादलीचा आवाज.
एप्रिल. बाकावर सहा जणी.

मी म्हणाले, पाहते.
मग पेन उघडलं, यादीवर बारा आकडा गिरवला,
खाली सही, खाली तारीख.
"तू मोज," म्हटलं, "पण आधी
एक उन्हाळा इथे काढ.
दुपारी मागच्या दाराने ये जरा."