उरलेल्या पाच

तिसऱ्या दिवशी जळजळ थांबली.
स्ट्रिपमध्ये पाच गोळ्या उरल्या.
ठेवून देणार होते चहाच्या डब्यामागे,
पुढच्या वेळेसाठी.

पुढची वेळ येणारच.
सायनच्या चौकात आठ तास उभी असते मी,
तोंडात शिट्टी, बाटली भरलेली तशीच.
प्यायलं तर जायचं कुठे?

फ्लोरी म्हणाली, मलाही तसंच होतंय गं,
त्यातल्या दोन दे ना.

चिठ्ठी काढली. वाघचौरेबाईंनी
दोनदा रेघ ओढलेली:
जेवणानंतर. पाच दिवस. पूर्ण.
वर फक्त माझं नाव.

दिल्या नाहीत.
तिलाच घेऊन गेले दवाखान्यात,
बाकावर बसलो दोघी,
तपासणीची डबी तिच्या ओढणीआड.

रात्री वरणभातावर एक गिळली.
उद्या साहेबांना विचारते,
चौकीमागच्या त्या दाराची
किल्ली असते कुणाकडे?