पडीक

येवल्याच्या स्टँडसमोर माझा स्टुडिओ.
मागे निळा पडदा, पुढे स्टूल,
हनुवटी थोडी वर, डोळे मिटू नका.
अर्ध्या तालुक्याचे चेहरे
मी पस्तीस बाय पंचेचाळीसमध्ये बसवलेत.

सोमवारी शटर खाली.
पहाटे स्कूटर काढून राजापूरच्या रस्त्याला लागतो.
ममदापूरच्या अलीकडे एकट्या हिवराखाली
वैजयंता जेजुरकर उभी असते,
वनखात्याची रोजंदारीवरची राखणदार.
कानाला मफलर, हातात काठी,
फडक्यात दोन भाकरी. एक माझी.

माळाला मधोमध असं काही नसतं.
डोंगर असता तर कोपऱ्यात बसवला असता,
नदी तिरपी सोडली असती.
इथं एक रेघ. वर आभाळ, खाली गवत,
आणि त्या रेघेवर
आत्ता कुणीतरी उभं होतं.

पहिलं वर्षभर मी पळणारी काळविटं टिपली.
वैजयंतानं एकेक फोटो नीट पाहिला.
"नुसती ढुंगणं," म्हणाली.
"पासपोर्टला चालायची नाहीत."

मग बसायला शिकलो.
हे पवना, हे मारवेल, ही कुसळी.
कुसळीची ओळख करून द्यावी लागत नाही,
ती मोज्यातून स्वतःच येते, घरापर्यंत.
भोवत्या गवताला पोट घासत जातो
तेव्हा श्वास सोडायचा नाही.
खोकड आपल्याला बघून घेतं,
मग आपण त्याला बघायचं.

कार्तिकातलं ऊन तुऱ्यांत शिरलं की
पैठणी म्हणावंसं वाटतं;
येवल्याचा माणूस, दुसरं काय सुचणार?
पण पैठणीला काठ असतात.

वैशाखात एकदा ती एकदम म्हणाली,
"पाय तिथंच ठेवा."
मी खाली पाहिलं. खडे, लेंड्या, करपलेलं खोड.
"बुटापासून वीतभर."
खडे, लेंड्या.
मग दोन खडे जरा जास्तच गोल झाले.
धाविकाची अंडी. घरटं नाही, काडी नाही,
उघड्या जमिनीवर ठेवलेला भरवसा.
लांबवर पक्षी ताठ उभा,
पळायचा, थांबायचा, आमच्याकडे बघायचा.
एकच फोटो घेतला. मागच्या मागे आलो,
आपल्याच पावलांवर पाय देत.

त्याच पावसाळ्यानंतर स्टुडिओत एक साहेब आले.
राखीवच्या हद्दीपलीकडचा तुकडा,
तिथं सौर पट्ट्या बसायच्या होत्या.
चार दिशांचे चार फोटो हवेत, म्हणाले,
जागा रिकामी दिसली पाहिजे.
कागदावर पडीक आहेच.

मी काढले. खोटं कशाला सांगू,
पैसे घेतले, पावती दिली.
चारही फोटोंत एक रेघ,
वर आभाळ, खाली गवत.
आणि पाकिटात पाचवा घातला, न मागितलेला.

"हाही छान आलाय," साहेब म्हणाले,
"अगदीच ओसाड."
मी बोललो नाही असं नाही.
बोट ठेवून दाखवलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
"दगड आहेत," म्हणाले.

आता तो फोटो स्टुलासमोर लावलाय.
लोक फ्लॅशची वाट बघत त्याच्याकडे बघत राहतात.
परवा शाळेच्या ओळखपत्रासाठी आलेला एक पोरगा
हनुवटी वर ठेवायची विसरला,
पुढं वाकला, आणखी वाकला.
त्याला काय दिसलं, मी विचारलं नाही.
फोटो हलला. दुसरा काढावा लागला.

वैजयंताला चार फोटोंचं कळलंय.
कुणी सांगितलं, ठाऊक नाही.
भाकरी अजून दोनच आणते,
फक्त बोलत नाही.
काल ती पुढं, मी मागं, तासभर असंच.
मग काठी आडवी झाली.
"पाय."

एक पाय हवेत धरून उभा राहिलो.
ती बघत होती खाली,
मी तिच्याकडे.